किटलीचा डावा डोळा

माझी आत्या डोळे बनवते. हे मी ज्याला ज्याला सांगितलं, त्याने त्याने आधी "चष्मे?" असंच विचारलं. चष्मे नाही, डोळे. ज्याचा गेला त्याला दुसरा. त्यातून दिसत काही नाही, पण तो स्वतः असा दिसतो की बघणाऱ्याला पत्ता लागू नये.

असा डोळा गोटीसारखा गोल असतो असं लोकांना वाटतं. तो असतो शिंपल्यासारखा, पातळ, नाकाकडच्या बाजूला किंचित टोकदार, पापणीखाली सरकवायचा. आत्या पेशंटला खिडकीपाशी बसवते आणि त्याच्या धडधाकट डोळ्याकडे बघत चार केसांच्या ब्रशने बुबुळ रंगवते. लाल रेशमाचा धागा सुईने पिंजून त्याच्या शिरा करते आणि पांढऱ्यावर चिकटवते. मग वरून पारदर्शक थर, मग तो शिजवणं, मग चाकावर पॉलिश. शिजताना रंग बदलला की डोळा बाद. आणि रंग बदलायचा. पुन्हा पहिल्यापासून.

ती आधी बाहुल्यांच्या कारखान्यात चेहरे रंगवायची. तिच्या बाहुल्यांचे दोन्ही डोळे एकाच ठिकाणी बघतात, बाकीच्यांच्या बाहुल्या एका डोळ्याने दाराकडे आणि दुसऱ्याने देवाघरी, हे एका म्हाताऱ्या मास्तरांनी दुकानाच्या काचेतून हेरलं आणि तिला उचलून आपल्या हाताखाली आणलं. मास्तर नाकातून बोलायचे. मी त्यांना लहानपणी दोनदाच पाहिलं, पण आवाज अजून काढते: "हे बघ मुली, डोळा एक तर माणसात बसला पाहिजे, नाही तर फुटला पाहिजे. अधेमधे ठेवायचा नाही." म्हणून त्यांच्या टेबलावर रंगांच्या शेजारी एक हातोडी आणि लोखंडी ठोकळा असायचा. बाद झालेला डोळा ते स्वतः फोडायचे.

मास्तर गेले. जागा, चाक, हातोडी, ठोकळा सगळं आत्याकडे आलं. नियमही आला, पण तो तिने पाळला नाही. "दोन दिवस मान मोडून रंगवायचा आणि हातोडी घालायची? मला नाही जमत बाई." बाद डोळे ती एका पत्र्याच्या डब्यात टाकायची.

आणि त्या डब्यातून पाहुणे निघाले.

पाहुणे हा तिचाच शब्द. पहिला आला तो माझ्यासाठी. मी गोवराने पडले होते आणि रडून घर डोक्यावर घेतलं होतं, तेव्हा तिने माझ्या चपलेला दोन डोळे चिकटवले, एक घारा, एक काळा. चप्पल इतकी वैतागलेली दिसत होती की मी रडायची थांबले. मग छत्रीच्या दांड्याला एक आला. नळाला आला. गजराच्या घड्याळाला बाराच्या जागी आला, आणि ते घड्याळ सकाळी सहाला आमच्याकडे असं बघायचं जणू आम्हीच त्याला उठवलं. कामाच्या खोलीत फळीवर ही सगळी मंडळी ओळीने बसलेली असायची. प्रत्येकाला मी आवाज दिला होता. नळ तोतरा, छत्री सासुरवाशीण, घड्याळ आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. किटलीला मात्र आवाज नव्हता. बरेच करून पाहिले, एकही बसेना. ती नुसती बघायची.

जुनी ॲल्युमिनियमची किटली, पोचे पडलेली, झाकण सैल. तिला एकच डोळा होता, तोंडाच्या वर, मधाच्या रंगाचा, आणि त्या मधात एका बाजूला हिरवी फाक. खरबुजाची कापावी तशी.

तो डोळा कोणाचा, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी एक बाई आली. डोक्यावरून ओढणी, डाव्या डोळ्यावर पट्टी. फोन नंबर देईना, पत्ता देईना. आत्याने विचारलं, "कसा गेला डोळा?"

"दार लागलं."

आत्याने पट्टी काढून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "दाराला पाच बोटं होती वाटतं." बाई आधी हसली आणि मग तिला रडू आवरेना. मग तिने सांगितलं. दार म्हणजे नवरा. ती त्याला न सांगता निघून आलेली, दुसऱ्या गावात कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्री करायची, पट्टी असलेल्या बाईकडे सगळे दोनदा बघतात म्हणून डोळा हवा होता. "मला कुणी दोनदा बघायला नको," एवढंच तिचं मागणं. आत्या आणि मी तिला मधवाली म्हणायचो, तिच्या उरलेल्या डोळ्यावरून. मध आणि हिरवी फाक. फाक नाकाकडे.

पहिल्याच खेपेला आत्याने असली चूक केली की मास्तर असते तर नाकातून अर्धा तास बोलले असते. डावा डोळा करायचा तर उजव्याची नक्कल नाही करायची, उजव्याचं आरशातलं रूप करायचं. आत्या बाईच्या दुःखात बुडाली होती की काय कोण जाणे, तिने जसा समोर दिसला तसाच उतरवला. शिजून निघाल्यावर बसवला तर एका डोळ्याची फाक नाकाकडे आणि दुसऱ्याची कानाकडे. बाद. दुसरा केला तो मात्र असा जमला की मधवालीने आरशात बघून स्वतःलाच "अगं बाई" म्हटलं. दरवर्षी ती एकदा पॉलिश करून घ्यायला येई. आधी कळवायची सोय नाही. उगवायची एकदम.

आणि बाद डोळा किटलीवर बसला.

आता अमेझिंगबाई. हे नाव मी ठेवलेलं आहे आणि ते का ठेवलं हे त्यांनी तोंड उघडलं की कळतं. त्या वडिलांना डोळा बसवायला घेऊन आल्या, वडील खुर्चीत बसले आणि बाई फळीसमोर उभ्या राहिल्या त्या हलेचनात.

"ओ माय गॉड. हे कोणी केलंय? नाही, थांबा, सांगू नका. हे अमेझिंग आहे! म्हणजे ही किटली मला अक्षरशः जज करतेय!"

"ती चहाची आहे," आत्या म्हणाली.

"हो पण नाही ना! ती चहाच्या पलीकडे गेलीय!"

वडील आतून म्हणाले, "चहा मिळणारे का?"

या बाईंची एक छोटी गॅलरी होती. विचित्र चित्रं, विचित्र वस्तू, केसांची कपाटं, दात असलेली पुस्तकं, रडणारे टोस्टर अशा गोष्टी त्या शोधून काढायच्या, मांडायच्या आणि इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकायच्या. ते पान आमच्या वर्गातली निम्मी पोरं बघायची. मला विचाराल तर त्यांना खरंच नजर होती. कोण कुठल्या कोपऱ्यात बसून काय वेडेपणा करतोय, याचा वास यायचा त्यांना. आत्याचे पाहुणे त्यांनी टोपल्यांत भरून नेले, पांढऱ्या भिंतींवर मांडले आणि किटलीला मधोमध बसवून वर एकच दिवा सोडला. फोटोखाली लिहिलं: किटली बघतेय.

पुढे जे झालं ते तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असणार. कोणी उशिरा घरी आला, किटली बघतेय. कोणी परीक्षेत मागे वळला, किटली बघतेय. स्टिकर निघाले, टी-शर्ट निघाले, बोटभर उंचीच्या खेळण्यातल्या किटल्या निघाल्या. त्या किटल्या आत्याच्या कामाच्या खोलीत पोत्यांनी यायच्या, आत्या प्रत्येकीच्या बुडाला सही करायची, डब्यांत भरून पत्ते चिकटवायची आणि पार्सलवाला पोती खाली न्यायचा. आत्या, जिला आयुष्यभर कोणी "डोळेवाली" याच्यापुढे नाव विचारलं नाही, तिला रस्त्यात पोरी थांबवायच्या. ती लाजायची. केस नीट करायची. एकदा तिने लिपस्टिक लावली आणि बाबा घास तोंडात धरून बघतच राहिले. "बघतोस काय? किटली आहेस का?" ती म्हणाली.

मी टी-शर्ट घालून हिंडत होते. छातीवर मध, हिरवी फाक.

गॅलरीत एक माणूस यायचा. मी शनिवारी तिथे बसायचे, पाहुण्यांचे आवाज काढून दाखवायला, तेव्हा मला तो दिसला. मग अमेझिंगबाई म्हणाल्या, तो रोजच येतो. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, हाताच्या बोटांना जांभळट शाई. बाकी काही बघायचा नाही. किटलीसमोर उभा राहायचा. सगळे किटलीसमोर हसतात, हा हसायचा नाही. आवाज असा मऊ, जणू शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय.

घरी येऊन मी आत्याला तो करून दाखवला. हात मागे, मान जराशी तिरकी. "छान आहे. छानच आहे हो." आत्या खो खो हसली. मी आणखी रंगात आले. "एक विचारू का, बाळ? हे डोळे खऱ्या माणसांवरून काढतात का गं?"

आत्याचं हसू गेलं.

"हे त्याने विचारलं?"

"हो. त्याच आवाजात."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, आत्याला विचारा."

आत्याने जेवणाचं ताट तसंच ठेवून अमेझिंगबाईंना फोन लावला. किटली काढा म्हणाली, आत्ताच्या आत्ता, मला परत द्या. पलीकडचा आवाज मला खुर्चीवरून ऐकू येत होता. "अय्यो, पण गुड न्यूज आहे! ती आजच गेली! एक जेंटलमन आहेत, इतके शांत, इतके डीप, त्यांनी घेतली!"

"कोण? नाव काय?"

"नाव नाही हो सांगितलं. शिक्के बनवतात म्हणाले. रबरी शिक्के."

त्या आठवड्यापासून आत्या कामाच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसायला लागली. समोरच्या पदपथावर एक बाक आहे. तिथे तो येऊन बसायचा. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून किटलीची दांडी वर आलेली. काही करायचा नाही. आमच्या जिन्याच्या तोंडाकडे बघायचा.

आत्या पोलिसांकडे गेली, मीही गेले. साहेबांनी सगळं ऐकलं. त्यांच्या मोबाईलच्या पाठीवर किटलीचा स्टिकर होता. "बाई, बाकावर बसणं हा गुन्हा नाही. किटली घेऊन बसणं तर अजिबात नाही." शिपाई हसला. "किटली बघतेय," तो म्हणाला.

"तिचं यायचं झालंय," आत्या रात्री बाबांना म्हणाली. "पॉलिशला. या दिवसांतच येते. कुठे कळवू तिला? कसं कळवू?"

मधवाली आली ती मागच्या जिन्याने. आमच्या इमारतीला मागे एक लोखंडी जिना आहे, बोळात उतरणारा, त्याचं दार इतकं करकरतं की कोणी वापरत नाही. ती त्या दारातून आली, ओढणी नाकापर्यंत, आणि आत पाऊल ठेवल्या ठेवल्या तिने माझ्या छातीकडे बोट दाखवलं.

"हे काय आहे?"

मी टी-शर्ट घातलेला होता.

"माझा डोळा आहे हा," ती आत्याला म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "दुकानात कपडे येतात धुवायला. काल एक शर्ट आला. इस्त्री फिरवायला पसरला, तर माझाच डोळा. मी तुम्हाला सांगितलं होतं, ताई. मला कुणी दोनदा बघायला नको."

आत्याने खिडकीकडे बघितलं.  म्हणाली, "तो आलाय. खाली बाकावर असतो. किटली त्याच्याकडे आहे."

मधवाली खुर्चीत बसली.  तिचा डोळा लाल झाला होता, पॉलिश उडून खरखरीत झालेला शिंपला आत घासत होता. आत्याने तो काढून घेतला, म्हणाली, "पाच मिनिटांत देते आणि तू आल्या वाटेने जा. परत इथे येऊ नकोस. मी काहीतरी करीन." तिने पडदा ओढला. पडद्याच्या आत मधवाली आणि मी. बाहेर आत्या, खिडकी आणि चाक. चाक सुरू झालं.

आणि जिन्यात पावलं वाजली. पुढच्या, लाकडी जिन्यात. सावकाश. आणि दर पावलाला एक बारीक खळखळ. सैल झाकणाची.

मधवालीने माझं मनगट धरलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मला कळत होतं की ती ती पावलं ओळखते.

"नमस्कार, ताई." तोच मऊ आवाज. किटली टेबलावर ठेवल्याचा आवाज. चाक थांबलं. "मी हिचा मालक. एक शंका होती."

"बोला."

"हा डोळा उलटा आहे."

"तो कल्पनेतला आहे," आत्या म्हणाली. "उलटा काय, सुलटा काय."

"नाही हो. मी शिक्के कोरतो. माझं सगळं आयुष्य उलटं कोरण्यात गेलं. हे टोक बघा, नाकाकडचं. म्हणजे डावा. आणि फाक आहे कानाकडे. तुम्ही उजव्या डोळ्याकडे बघून काढलात आणि फिरवायला विसरलात. आमच्याकडे नवीन पोरं हीच चूक करतात." त्याने किटलीवर नखाने टिचकी मारली. "डावाच गेला ना तिचा?"

कुठला गेला, हे कळायला त्याला टोक बघायची गरजच नव्हती.

"माझ्याकडे खूप लोक येतात," आत्या म्हणाली.

"असणारच. ती माझ्या घरचं माणूस आहे. काळजी वाटते. आता आत कोण आहे?"

पडद्याखालून पाय दिसतात, हे मला तेव्हाच सुचलं. मी मधवालीचे पाय हाताने उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले. आणि मग माझ्या तोंडून आमच्या इमारतीतल्या खालच्या मजल्यावरचे खोकणारे आजोबा निघाले, कफासकट.

"अहो डोळेबाई! ख्खॅं... झाला का माझा डोळा? मला काय खोबणी उघडी ठेवून बसवून ठेवलंय का? वारा शिरतोय आत!"

"होतोय हो, आजोबा," आत्या म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. एरवी माझ्या नकलांना तीच पहिली हसते.

"असं का, आजोबा आहेत," तो म्हणाला. "होऊ द्या त्यांचं. मी थांबतो." आणि स्टूल ओढल्याचा आवाज आला.

तो थांबणार होता. आजोबा बाहेर येईपर्यंत. आणि आजोबा नव्हते.

मागचं दार आमच्यापासून चार हातांवर होतं, पण ते उघडलं की अख्ख्या बोळाला कळतं. मी दाराकडे बघितलं, मधवालीने दाराकडे बघितलं. बाहेर आत्यानेही बहुतेक तिच्या मनात त्या दाराकडेच बघितलं असेल, कारण ती म्हणाली, "थांबा खुशाल. फक्त आवाज होईल हं. बाद माल फोडायचाय."

पत्र्याचा डबा उघडला. लोखंडी ठोकळा टेबलावर आला.

टक्.

मी कडी काढली.

टक्. मी दार बोटभर ढकललं. करकर हातोडीखाली दबली.

टक्. आणखी बोटभर. मला प्रत्येक घाव ऐकू येत होता आणि प्रत्येक घावात एक डोळा जात होता, घारा, काळा, तपकिरी, सगळे ते डोळे जे तिला फोडवत नव्हते. टक्. "हे का फोडता?" तो विचारत होता. "नियम आहे," आत्या म्हणाली. टक्. "मोडला होता मी. आता पाळते." टक्. दार वीतभर उघडलं होतं, आणि डबा रिकामा वाजला.

वीतभर पुरत नव्हतं. बाई बारीक होती, पण वीतभरातून कोणी जात नाही. मी दाराला हात लावून उभी राहिले. बाहेर शांतता.

"मुठीत काय आहे, ताई?" तो म्हणाला.

तो तिचा खरा डोळा होता. चाकावरून नुकताच उतरलेला. फाक नाकाकडे. त्याला तो दाखवला असता तर त्याला सगळं कळलं असतं: बाई आहे, इथेच आहे, आत्ता आहे.

"हाही बाद," आत्या म्हणाली, आणि घाव बसला. तो घाव मला वेगळा ऐकू आला. बाकीचे जुने डोळे कोरडे फुटले होते. हा ताजा, गरम, पॉलिश केलेला. तो मोठ्याने फुटला. आत्याने आणखी एकदा मारला, आणि आणखी एकदा, जिथे फोडायला काही उरलं नव्हतं तिथे, आणि मी दार ढकललं, आणि मधवाली डाव्या डोळ्यावर ओढणी दाबून जिन्यावरून उतरली. लोखंडावर तिच्या अनवाणी पायांचा आवाज आला नाही. चपला ती माझ्या खुर्चीखाली ठेवून गेली.

मी खुर्चीत बसले. पडदा सरकला.

त्याने माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, उघड्या दाराकडे पाहिलं. "आजोबा?"

"गेले. मागून. त्यांना लागलीय."

"डोळा न घेता?"

मी चपला पायाने मागे सारल्या. तो खिडकीपाशी गेला, मग दारापाशी, खाली बोळात बराच वेळ बघत उभा राहिला. बोळात कोणी नव्हतं. मग त्याने किटली उचलली. "हिला मी नेतो. विकत घेतलीय," म्हणाला, आणि ज्या पावलांनी आला त्याच पावलांनी उतरला. खळ. खळ. खळ.

आत्या ठोकळ्यावरचा चुरा ब्रशने गोळा करत होती. मध आणि हिरवं वेगळं ओळखू येत नव्हतं.

मधवालीचा फोन आला तो दहाबारा दिवसांनी, खालच्या शिंप्याकडे. आत्याने तो घेतला, पाठ फिरवून घेतला. ती तिसऱ्याच गावी होती, आणि या वेळी तिने पत्ता दिला. डोळ्यावर पट्टी होती आणि लोक दोनदा बघत होते.

नवा करायचा तर समोर बाई नको का? आत्या म्हणाली, रंग माझ्या डोक्यात आहेत. मध मी अंधारातही कालवीन. पण ती फाक किती रुंद होती, कुठून सुरू व्हायची, तिचं टोक कुठे, ते अचूक कुठे मिळणार? किटली तर त्याच्या मांडीवर. मग तिने मला बोलावलं. "पोपट, तो शर्ट घाल." मी घातला. तिने मला आरशासमोर उभं केलं आणि स्वतः माझ्या पाठीमागे बसून आरशात बघत रंगवायला घेतलं. आरशात चूक सरळ दिसत होती. फाक नाकाकडे. मी श्वाससुद्धा बेताने घेत होते, कारण श्वास घेतला की डोळा हलायचा. "गप उभी राहा. आज कुणाची नक्कल नाही." दोन दिवस आम्ही असं केलं. शिजून निघाला तेव्हा रंग बदलला नव्हता.

तो बाकावर होताच. आत्या भाजी आणायला गेली तरी शंभर पावलं मागे असायचा, आदराने, जणू पिशवी उचलायला येतोय. डोळा घेऊन आम्ही गावाबाहेर निघणं म्हणजे त्याला हाताला धरून तिच्या दारी नेणं.

तेव्हा आत्याने अमेझिंगबाईंना निरोप पाठवला: खेळण्यांचं एक शेवटचं पोतं पाठवा, सह्या करते, मग पुरे. बाई हळहळल्या. "पण आत्ताच तर लोकांना कळायला लागलंय तुमचं काम!" आत्या म्हणाली, "कळलं ना? पुरे."

पोतं आलं. आत्याने बोटभर उंचीची एक किटली घेतली, झाकण काढलं, आत कापसात डोळा ठेवला, झाकण चिकटवलं, बुडाला सही केली. बाकीच्यांसारखाच डबा, बाकीच्यांसारखाच पत्ता चिकटवलेला. त्या सगळ्यांच्या मधे तो डबा गेला. मीच ठेवला होता आणि नंतर मलाही ओळखू आला नसता.

पार्सलवाला पोतं पाठीवर घेऊन उतरला. मी मागे, दार धरायला. पदपथावर त्याचं पाऊल अडखळलं आणि पोत्याच्या तोंडातून एक डबा निसटून बाकापाशी जाऊन पडला.

शिक्केवाल्याने वाकून तो उचलला. हलवून पाहिला. आत काही वाजलं नाही. त्याने पत्त्यावरून जांभळं बोट फिरवलं, वाचत होता की नुसतं पुसत होता मला कळलं नाही. तो डबा कुठला होता हेही मला कळलं नाही. सगळे सारखे.

"जपून न्या हो," तो पार्सलवाल्याला म्हणाला आणि डबा पोत्यात वर ठेवून दिला. "लोक वाट बघत असतात."

गाडी निघून गेली. मी जिन्याकडे वळले. मांडीवरच्या पिशवीतून किटलीचा मधाचा डोळा माझ्याकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच तिला आवाज फुटला. म्हणजे त्याने काढला. तोंड फारसं न हलवता, कफासकट, खोकल्यासकट, हुबेहूब माझा.

"ख्खॅं... काय गं पोरी? झाला का माझा डोळा?"

मी वर आले. आत्याने विचारलं, गेलं का पोतं? मी म्हटलं, गेलं. बाकीचं मी सांगितलं नाही, पण तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आधी उजव्या डोळ्याकडे, मग डाव्या, तिची सवयच आहे. मग तिने उठून मागच्या दाराच्या बिजागरीत तेल घातलं, आणि दार उघडून, मिटून, पुन्हा उघडून ते आवाज करत नाही ना, ते ऐकत उभी राहिली.